फुकेतहून फी फी: स्पीडबोटीच्या एका दिवसात या चुका टाळा

फुकेतच्या धक्क्यावर सकाळी साडेआठच्या सुमाराला उभं राहिलं की मराठी कानावर पडतंच. ‘बाळा, पळ, पुढे जाऊन जागा पकड, सगळ्यांना एकत्र बसायचंय.’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण बाळ धावत जातो आणि जागा पकडतो ती बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला. गेली अकरा वर्षं मी ठाण्या-पुण्याकडचे छोटे ग्रुप घेऊन थायलंडमधल्या फुकेत आणि क्राबीला जातो आहे. माझं लहानपण मालवणात गेलं, त्यामुळे समुद्राची थोडी ओळख आहे. आणि दर हंगामात त्याच पाच-सहा चुका होताना बघतो. तिथून स्पीडबोटीने जाता येणारी फी फी बेटं फार सुंदर आहेत, लोक वर्ष-वर्ष पैसे साठवून येतात. त्यांचा तो एक दिवस उलट्यांत किंवा दवाखान्यात जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पुढची जागा पकडणं

एसटीत आपण मागची सीट टाळतो, कारण खड्डा आला की तीच सगळ्यात जास्त उडते. स्पीडबोटीत हिशेब उलटा आहे. दोन-तीन इंजिनं मागे लावलेली असतात, वजन मागे असतं, आणि वेग घेतला की बोटीचं तोंड पाण्यावर उचललं जातं. मागचा भाग पाण्याला धरून राहतो, पुढचा भाग लाटेलाटेवर उचलून आपटतो. त्या वेगाने आपटलं की पाणी फरशीसारखं लागतं. फुकेत ते फी फी अंतर साधारण ४५ किलोमीटर, स्पीडबोट ते तासाभरात कापते. म्हणजे समुद्र खवळलेला असेल तर तासभर हे आपटणं सोसायचं.

२०१९ च्या फेब्रुवारीत माझ्या ग्रुपमध्ये नाशिकहून आलेल्या एक मावशी होत्या, साठी ओलांडलेल्या. सकाळी जाताना समुद्र तळ्यासारखा शांत होता. मी त्यांना मागून तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. परतताना त्यांचा भाचा म्हणाला, ‘दादा, सकाळी काही झालं नाही ना? मावशीला जरा पुढे बसू द्या, फोटो पण छान येतील.’ मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मावशी स्वतःच म्हणाल्या, ‘अहो, बसते हो मी. एवढी काही म्हातारी नाही झाले.’ आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून छळतं.

दुपारनंतर वारा वाढला होता. जेवणाच्या थांब्यावर आमच्याच ग्रुपने पाऊण तास जास्त घेतला होता, त्यामुळे तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, वेळ भरून काढत होता. बाजूने एक मोठी फेरी गेली. तिने उठवलेली लाट आमच्या बोटीने तिरकी न घेता सरळ अंगावर घेतली. बोट हवेत गेली आणि धाडकन खाली आली. मावशी उसळून परत बाकावर आदळल्या, त्याही ताठ पाठीने. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘दादा, मला उठता येत नाहीये.’

फुकेत शहरातल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला. कमरेच्या वरचा एक मणका चेपला गेला होता. पट्टा बांधून, व्हीलचेअरवरून त्यांना चौथ्या दिवशी मुंबईत आणलं. पुढचे तीन महिने त्यांना वाकून चप्पल घालता येत नव्हती. तिथल्या डॉक्टरांना ही दुखापत नवी नव्हती. ‘बोटीत पुढे बसल्या होत्या का?’ हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे आणि त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझ्या ग्रुपमधलं कुणीही, वय काहीही असो, बोट चालू असताना पुढच्या टोकाला बसत नाही. फोटो काढायचेत ना, बोट थांबल्यावर हवे तेवढे काढा. अगदी शेवटच्या रांगेतही मी बसवत नाही, तिथे इंजिनाचा धूर आणि वास येतो, पोट ढवळतं. मागून तिसरी-चौथी रांग उत्तम. धक्क्यावर आपला नंबर येण्याआधी नुसतं विचारायचं, ‘मागे जागा मिळेल का?’ मिळते, कारण बाकी सगळे पुढेच धावत असतात. मोठी लाट दिसली की दोन्ही हातांनी धरायचं, पाय जमिनीला टेकवायचे आणि बूड बाकावरून जरासं उचलायचं. म्हणजे धक्का गुडघे घेतात, मणका घेत नाही.

गरोदर बाई, पाठीचं ऑपरेशन झालेलं माणूस, हाडं ठिसूळ झालेले आजी-आजोबा यांनी स्पीडबोटीत बसूच नये. एजंट ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही. रस्सदा धक्क्यावरून फी फीला मोठी फेरी जाते. दोन तासांच्या आसपास लागतात, पण आजी चहा पीत जातात. नाहीतर त्यांच्यासाठी फांग न्गाचा उपसागर निवडा. ते पाणी आडोशाचं आहे, तिथे संथ चालणाऱ्या मोठ्या बोटी मिळतात आणि चुनखडीचे उभे सुळके बोटीतूनच दिसतात.

उलटी झाल्यावर गोळी मागणं

ही माझी दुसरी दुखरी नस. बोट सुटते, पंधरा मिनिटं जातात, आणि मागून आवाज येतो, ‘कुणाकडे अ‍ॅव्होमिन आहे का?’ तेव्हा गोळी घेऊन काय उपयोग? ती पोटात विरघळून अंगाला लागायला वेळ लागतो, आणि तोवर पोट तिला आत राहूच देत नाही. धक्क्यावर बऱ्याच कंपन्या गोळ्यांचा वाडगा ठेवतात, त्यावर भरवसा ठेवून लोक निश्चिंत असतात. पण धक्क्यावर घेतलेली गोळी बोटीच्या पहिल्या अर्ध्या तासाला पुरी पडत नाही.

हॉटेलवर गाडी न्यायला येते तेव्हाच, साधारण सात वाजता, मी सगळ्यांना गोळी घ्यायला लावतो. बोट सुटते नऊच्या पुढेमागे. दोन तास मिळतात, गोळी आपलं काम करते. थोडी झोप येते, येऊ द्यावी. गोळी घेतल्यावर बिअर अजिबात नको. लहान मुलांची गोळी आणि तिचं प्रमाण घरूनच डॉक्टरांना विचारून आणावं, धक्क्यावर अर्धी मोडून देऊ नये.

काही जण उलटीच्या भीतीने उपाशी येतात. रिकामं पोट जास्त त्रास देतं. दुसरे हॉटेलच्या बुफेत पैसे वसूल करून येतात, ऑम्लेट, तळलेलं, वर दोन ग्लास संत्र्याचा रस. दोघांचीही गत एकच होते. एक केळं, टोस्टचे दोन तुकडे, थोडं पाणी एवढं पुरे. माझ्या खिशात घरचा आलेपाक असतो, तो मी वाटतो. बोटीत मोबाइलमध्ये डोकं घालू नका. लांब, जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे बघा. डोळ्यांना आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला एकच गोष्ट जाणवली की मळमळ आपोआप कमी होते.

सुट्टी बघून तारीख ठरवणं

आपल्याकडे सुट्ट्या मे महिन्यात, पंधरा ऑगस्टला जोडून, नाहीतर गणपतीत. आणि अंदमान समुद्राच्या त्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ मे ते ऑक्टोबर. आपल्या मच्छीमारांच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर का असतात हे कोकणातल्या पोरालाही कळतं, पण विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं की आपण ते विसरतो. समुद्र शांत असतो नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही डिसेंबर ते मार्च मला सगळ्यात आवडतो.

माया बे या फी फीच्या प्रसिद्ध किनाऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. गर्दीने तिथलं प्रवाळ मोडून गेलं होतं, म्हणून थायलंडने जून २०१८ मध्ये तो किनारा बंद केला आणि थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडला. आता दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर तो बंद असतो. म्हणजे गणपतीच्या सुट्टीत गेलात तर बहुतेक वेळा माया बे बघायलाच मिळत नाही. बोट आता खाडीत शिरत नाही. मागच्या बाजूला लोह समाह इथे उतरवतात, तिथून लाकडी वाटेने चालत जायचं. पोहायला मनाई आहे, काठाच्या पाण्यात पाय भिजवता येतात. ‘एवढे पैसे भरून पोहू देत नाहीत!’ म्हणून तिथल्या रक्षकांशी भांडणारे मी पाहिलेत. त्यांना मी त्याच पाण्यात फिरणारी परांची टोकं काळी असलेली शार्कची पिल्लं दाखवतो. किनारा बंद ठेवला म्हणून ती परत आली आहेत. माणूस हे बघितलं की शांत होतो.

पावसाळी दिवसात बंदर खात्याने लहान बोटी सोडल्या नाहीत तर हुज्जत घालू नका, आणि ‘आम्ही जातो हो’ म्हणणारा दुसरा बोटवाला शोधू नका. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ पर्यटकांची बोट वादळी लाटांत बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. बेटांचा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे बोट रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी असतो. शेवटच्या दिवशी बेटं आणि रात्री विमान, हे तर कधीच नको.

बेटं मोजून सहल निवडणं

‘ते सहा बेटं दाखवतात, तुम्ही चारच?’ हे मला दर वर्षी ऐकावं लागतं. सहा बेटं म्हणजे प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, त्यात उतरणं-चढणं दहा मिनिटं. वायकिंग केव्हसमोर बोट नुसती मंद होते, तेही एक ठिकाण म्हणून मोजतात. मला विचाराल तर माया बे, पिलेह लगून आणि बांबू आयलंड एवढी तीन ठिकाणं आणि फी फी डॉन या वस्तीच्या मोठ्या बेटावर जेवण, यात दिवस पोटभर होतो. शक्य असेल तर सकाळी सहा-साडेसहाला सुटणारी बोट घ्या. नऊच्या सगळ्या बोटी एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचतात.

आणि निघण्याआधी भरती-ओहोटी बघा. हे कुणीच बघत नाही, याचं मला खरंच दुःख होतं. क्राबीच्या चार बेटांच्या सहलीत थले वेक नावाची वाळूची वाट आहे, ओहोटीला समुद्रातून वर येते आणि बेटांना जोडते. एका वर्षी माझ्या ग्रुपने नाश्ता सोडवेना म्हणून दीड तास उशिरा निघायचा हट्ट धरला. पोचलो तेव्हा भरती चढली होती आणि वाट कंबरभर पाण्याखाली होती. ठाण्याहून तेवढ्याचसाठी आलेली एक मुलगी रडली. आमच्याकडे मालवणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित आपल्या किनाऱ्याचं, तिथे चालत नाही. तिथल्या वेळा मोबाइलवर मिळतात, त्याच बघा. पण अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती हे मात्र तिथेही खरं. वाळूची वाट बघायची असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठा. उलट फी फी डॉनच्या लोह दलूम किनाऱ्यावर पोहायचं असेल तर ओहोटी टाळा, पाणी इतकं आटतं की लांबवर चालत गेलं तरी गुडघे भिजत नाहीत.

बाकीच्या, थोडक्यात

चप्पल-बूट धक्क्यावरच टोपलीत जमा होतात. घालायचेच असतील तर पाण्यात चालणारे रबरी बूट न्या. बोटीतून उतरणं गुडघाभर पाण्यात शिडीवरूनच असतं, जीन्स नको.

ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंद आहे, दंड एक लाख बाथपर्यंत. मी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालतो, पाठ जळत नाही आणि प्रश्नच मिटतो.

उद्यानाची फी परदेशी माणसाला ४०० बाथ आणि मुलांना २००. स्वस्त पॅकेजमध्ये ती धरलेली नसते आणि धक्क्यावर वाद होतात. आधी विचारा.

स्नॉर्केलिंगला लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावा, मुलांच्या जॅकेटचा पायांमधला पट्टासुद्धा. थकलात म्हणून प्रवाळावर उभे राहू नका. प्रवाळ मरतं आणि सी अर्चिन या समुद्री जीवाचे लांब काळे काटे पायात घुसतात. माशांना पाव टाकायला बंदी आहे. शंख-प्रवाळ पिशवीत घालणं गुन्हा आहे.

शाकाहारी जेवणात फिश सॉस असतो, नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘जे’ म्हणा. थाई लोकांच्या त्या शब्दात मांस, मासे, अंडं, दूध काहीच बसत नाही, कांदा-लसूणही नाही. पण बटाटा-गाजरासारखी कंदमुळं त्यात चालतात, तेवढं आपल्या जैन मंडळींनी वेगळं सांगावं. बुफेत मात्र ऐन वेळी सांगून मिळत नाही. बुकिंग करतानाच लिहून घ्या आणि सकाळी धक्क्यावर गाइडला पुन्हा आठवण करा.