ओनसेनला जाताय? मग या चुका टाळा

ओनसेन म्हणजे जपानमधली गरम पाण्याच्या झऱ्यांची स्नानगृहं. जपानला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ओनसेनमध्ये स्विमसूट चालतो ना? बहुतेक ठिकाणी नाही चालत. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत कपड्यांसकट उतरायची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण आत गेल्यावर पाचेक मिनिटांत लाज सरते, कारण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. नजरा वळतात त्या अंग न धुता पाण्यात उतरणाऱ्याकडे.

कुंडातलं पाणी सगळ्यांचं. ते नुसतं डुंबायला, आंघोळीला नाही. आंघोळ आधी, भिंतीलगतच्या शॉवरसमोर, बुटक्या स्टुलावर बसून. उभ्याने केलीत तर शिंतोडे शेजाऱ्यावर उडतात. साबण-शाम्पूचा फेस पार निघून गेला पाहिजे, आणि उठताना स्टूल, बादली विसळून ठेवायची. 'आत्ताच रूमवर आंघोळ करून आलोय' ही सबब उपयोगाची नाही. लांब केस वर बांधा. सोबतचा छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका, घडी करून डोक्यावर ठेवा. विचित्र दिसतं, पण सगळे तसंच करतात. मोबाइल कपड्यांबरोबर लॉकरमध्येच राहू द्या.

दुसरी चूक तब्येतीवर बेतणारी. पाणी साधारण 40 ते 42 अंश सेल्सियस असतं. गुन्मा प्रांतातल्या कुसात्सूत तर उगमाचं पाणी इतकं कढत, की ते लांब लाकडी फळ्यांनी ढवळून निववतात. गार पाणी मिसळलं तर खनिजं पातळ होतील ना! त्यामुळे थेट उतरू नका. आधी बादलीने पायांवर पाणी घ्या, मग कमरेवर, मग खांद्यांवर. पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुरेत. डोकं हलकं वाटू लागलं तर झटकन उभं राहू नका, तिथेच चक्कर येते. काठावर बसा, श्वास शांत होऊ द्या, मग बाहेर जाऊन पाणी प्या. साके (तांदळाची जपानी दारू) आंघोळीनंतर. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा.

गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, तेव्हा जोडवी-पैंजण आधीच काढा.

टॅटू असेल तर अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात. छोटा असल्यास काही ठिकाणी स्टिकरने झाकून चालतो. लग्नानंतर लगेच जाणार असाल तर हातावरची मेंदीही टॅटू वाटू शकते, काउंटरवर सांगून टाका. ह्योगो प्रांतातल्या किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र टॅटूची आडकाठी नाही.

दारावरचा पडदा निळा असेल तर बहुधा पुरुषांचा, लाल असेल तर बायकांचा. पण कित्येक र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी हॉटेलांत) रात्री किंवा पहाटे या बाजू अदलाबदल होतात. काल इकडेच होतं, अशा भरवशावर आत घुसू नका.

एवढं करूनही संकोच वाटतोच, किंवा नवरा-बायकोला एकत्र जायचंय? मग तासाभरासाठी खासगी कुंड मिळतं का ते पाहा, त्याला काशिकिरी म्हणतात. चेक-इन करतानाच विचारा. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात.