सुपरहिरो कॉमिक लिहायचंय? मग चित्रकारासाठी लिहा

माझ्या पहिल्या पटकथेत एका चौकटीचं वर्णन असं होतं : 'तो खिडकीतून उडी मारतो, गाडीच्या टपावर उतरतो आणि चोराची कॉलर धरतो.' चित्रकाराने विचारलं, "यातलं नेमकं कोणतं चित्र काढू?" चौकट म्हणजे थांबलेला क्षण, तिच्यात एकच हालचाल मावते. आम्ही एका चौकटीत उडी ठेवली, दुसरीत कॉलर. टपावरचा धप्पकन आवाज वाचकाने दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत स्वतःच ऐकला. त्या पट्टीवर भरवसा ठेवायला मला बराच वेळ लागला.

लिहिण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत प्रत्येक पान, चौकट आणि संवाद लेखक आधीच लिहून देतो. दुसरी 'मार्व्हल पद्धत' : १९६०च्या दशकात मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली कथानक थोडक्यात सांगत, चित्रकार जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको त्यावरून पानं रचत आणि संवाद मागाहून भरले जात. म्हणजे कथेचा मोठा भाग चित्रकारच घडवायचे, आणि त्याचं पुरेसं श्रेय त्यांना मिळालं नाही असं माझं ठाम मत आहे. नवख्याने मात्र पहिलीच पद्धत धरावी. तुमचा विचार कसा चालतो, हे संपादकाला त्यातूनच दिसतं.

'वॉचमेन'चे लेखक ॲलन मूर एकेका चौकटीचं वर्णन पानभर लिहीत. ते वाचून मीही तसंच करू लागलो आणि चित्रकाराला हात हलवायला जागाच उरली नाही. आता मी वर्णनात पात्राची मनःस्थिती आणि चौकटीत हवीच अशी एखादी वस्तू एवढंच लिहितो. कॅमेरा कुठे ठेवायचा ते त्याच्यावर सोडतो.

अमेरिकी मासिक अंकात कथेला साधारण २० ते २२ पानं मिळतात. पानाला पाच चौकटी धरल्या तर जेमतेम शंभर क्षण. म्हणून आधी शेवटचं पान ठरवतो. छापील अंकात विषम पान उजवीकडे असतं, त्यामुळे पान उलटल्यावर समोर येतं ते सम पान. खलनायकाचा मुखवटा उतरायचा असेल तर तो तिथेच उतरवावा. उजव्या पानावर उतरवलात, तर वाचकाची नजर डावं पान वाचता वाचताच तिकडे गेलेली असते.

संवादफुग्यात पंचवीसेक शब्दांच्या वर जाऊ नका. चित्रात दिसणारी गोष्ट पात्राच्या तोंडी पुन्हा घालू नका.

कराराबद्दल मात्र सविस्तर विचारा. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सिगेल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. आजही मोठ्या कंपन्यांची पात्रं लिहिताना हक्क सहसा कंपनीकडेच राहतात. स्वतःचं पात्र स्वतःकडे ठेवायचं असेल तर १९९२ मध्ये सुरू झालेल्या इमेज कॉमिक्ससारखे प्रकाशक पाहा, पण तिथे कमाई विक्रीवर ठरते.

सुरुवात पाच पानांच्या, पूर्ण होणाऱ्या कथेने करा. चित्रकाराला मानधन द्या. पानं हाती आली की फुगे झाकून बघा, कथा कळते का ते. मग जे संवाद नसले तरी चालतात, ते खोडा.