पहिल्या रोलच्या आधी: जिउ-जित्सूच्या तयारीची यादी

सुरुवात नखांपासून करा. हातांची नखं आपण कापतोच, पायांची राहून जातात, आणि गार्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडून पायांनी समोरच्याला धरताना, त्याच्या मांडीवर, पोटावर, कधी तोंडावर घासतात ती पायांचीच. कापून झाल्यावर कडा कानशीने घासा, कारण नुकतंच कापलेलं नख ब्लेडसारखं लागतं. अंगठी, कानातलं, गळ्यातली साखळी, हातातला दोरा, सगळं घरी काढून ठेवा. अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळून भागवणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका. गीच्या, म्हणजे सरावाच्या पोशाखाच्या, जाड कापडात अंगठी अडकली आणि समोरच्याने हिसका दिला तर बोटाची कातडी सोलून निघू शकते. लांब केस साध्या रबरने घट्ट बांधा, धातूची पिन नको.

एवढ्याशा गोष्टीने यादी का सुरू केली याला कारण आहे. ब्राझिलियन जिउ-जित्सू ही पकडींची आणि पेचांची लढत, ती एकट्याने शिकता येत नाही. रोज कुणीतरी आपला हात, मान, गुडघा तुमच्या ताब्यात देणार आहे आणि तुम्ही तुमचा त्याच्या ताब्यात. त्यामुळे सगळी तयारी शेवटी एका प्रश्नाशी येऊन थांबते: पुढच्या क्लासला लोकांना तुमच्याबरोबर रोल, म्हणजे सरावाची लढत, करावीशी वाटेल का? ताकद, स्टॅमिना, डाव हे सगळं त्याच्या मागून येतं. जोडीदारच मिळाला नाही तर ते येणार कुठून?

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. पहिल्या एक-दोन क्लासना बऱ्याच जिममध्ये टी-शर्ट आणि शॉर्ट्स चालतात, काही ठिकाणी गी वापरायलाही देतात. आधी फोन करून विचारा. शॉर्ट्सना खिसे आणि चेन नसाव्यात, बोटं अडकतात. रोज जायचं ठरलं की स्वतःची गी घ्या आणि घेताना ती धुतल्यावर आटणार हे धरून घ्या. सुती गी गार पाण्यात धुवा आणि वाऱ्यावर वाळवा. गरम पाणी आणि ड्रायरने बाह्या मनगटाच्या वर चढतात. आठवड्यात तीन दिवस जाणार असाल तर एका गीवर भागत नाही, कारण जाड कॉलर लवकर वाळत नाही आणि ओलसर गीचा वास घालणाऱ्याच्या आधी जोडीदाराला येतो. पट्टाही धुवा. पट्टा धुतला की त्यातलं ज्ञान वाहून जातं अशी एक समजूत मॅटवर फिरत असते. जातो तो फक्त घाम. आतून रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा शर्ट, घाला आणि दातांसाठी माउथगार्ड घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा साधा प्रकार सुरुवातीला पुरे. चप्पल मॅटच्या कडेलाच हवी. अनवाणी बाथरूमला जाऊन तेच पाय परत मॅटवर ठेवणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

घरून निघण्याआधी स्वतःची कातडी एकदा उजेडात बघा. गोल, लालसर, खाजरा, कडेने उंचावलेला चट्टा दिसला तर ते बहुधा गजकर्ण आहे. लाल, गरम, दुखरा, पू धरलेला फोड असेल तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. दोन्ही मॅटवर झपाट्याने पसरतात. अशा वेळी पट्टी लावून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात दुखणं बांधणं; डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरी बसा. दुकानातून मिळेल ते मलम आणून लावू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर खाज थांबते, पण गजकर्ण पसरत राहतं. क्लास संपल्यावर गप्पा मारत ओल्या गीत बसू नका, लवकर अंघोळ करा. कान घासून सुजला आणि आत मऊ लागलं तर तेही लगेच दाखवा. तिथे रक्त साचलेलं असतं, ते वेळेत काढलं नाही तर कान कायमचा गाठीचा होतो. काही जणांना तो मिरवायला आवडतो. ज्याची त्याची आवड.

‘आधी फिट होतो, मग क्लास लावतो’ हे वाक्य यादीतून खोडा. रोज पाच किलोमीटर पळणारा माणूसही पहिल्या रोलमध्ये तिसऱ्या मिनिटाला धापा टाकतो, कारण तो श्वास धरून ठेवतो आणि मुठी सोडत नाही. हा दम मॅटवरच कमवावा लागतो. घरी करायचंच असेल तर सतरंजीवर तीन हालचाली करा: खांद्यावर वळत कंबर उचलण्याचा ब्रिज, कुशीवर होऊन कंबर मागे सरकवण्याचा श्रिंप, आणि एक हात मागे टेकवून पडल्या जागेवरून उभं राहणं. वॉर्मअपमध्ये या हालचाली कंटाळवाण्या वाटतात. कुणी अंगावर बसलं की सुटका मात्र यांतूनच होते. जुनं दुखणं, विशेषतः खांदा, गुडघा, मान, पाठ यांचं, डॉक्टरांच्या आणि शिकवणाऱ्याच्या कानावर घाला. क्लासच्या आधीच्या दोन तासांत पोटभर खाऊ नका. आणि सुरुवातीला आठवड्याला दोन-तीन दिवसच जा. पहिल्या उत्साहात रोज जाणाऱ्यांची बोटं आणि बरगड्या तक्रार करायला लागतात, मग ते एकदमच दिसेनासे होतात.

आता टॅप. यादीतली ही बाब सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक गृहीत धरतात. टॅप म्हणजे ‘हरलो, सोड’ हे सांगायला जोडीदाराच्या अंगावर, त्याला जाणवेल असे, दोन-तीनदा हात मारणं. हात अडकले असतील तर पायाने मॅट बडवा. तेही जमलं नाही तर तोंडाने स्पष्ट ‘टॅप’ म्हणा. तोंडाने म्हणायची लाज वाटते, म्हणून घरी दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघा. हसू येईल, तरी बघा. चोक, म्हणजे गळा आवळण्याचा पेच, बरोबर बसला तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्यात दुखतंच असं नाही, म्हणून दुखायची वाट बघू नका. आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं वाकवण्याच्या पेचात, कोपर सरळ झालं आणि त्यामागे समोरच्याची कंबर उचलायला लागली की खेळ तिथेच संपला, हात तुटेपर्यंत वाट बघण्यात काही नाही. पायाची टाच पिळणारे पेच त्याहून फसवे: गुडघ्यात कळ येते तेव्हा बऱ्याचदा इजा होऊन गेलेली असते.

इथे एलिओ ग्रेसीचं, ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्या ग्रेसी घराण्यातल्या गुरूचं, उदाहरण हमखास पुढे केलं जातं. 1951 साली रिओत जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा याने त्याचा हात पिळला. एलिओने टॅप केलाच नाही, शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकून लढत थांबवावी लागली. तो पेच आजही किमुरा म्हणूनच शिकवला जातो. गोष्ट जबरदस्त आहे, पण एलिओ हजारो प्रेक्षकांसमोर घराण्याचं नाव पणाला लावून लढत होता. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट आलेले असता आणि बुधवारी त्याच हाताने काम करायचं असतं. दुसऱ्या बाजूचीही तयारी लागते: समोरच्याचा टॅप लागला त्याच क्षणी सोडायचं. अर्धा सेकंद जास्त धरून ‘बसला होता ना?’ असं विचारणाऱ्याला पुढच्या वेळी जोडीदार मिळत नाही.

डोक्याची तयारी म्हणतात ती इथूनच सुरू होते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावर खेळाचा अर्धा भाग सुरू होतो, कारण दोन पायांच्या मध्ये समोरच्याला धरून ठेवण्याचा गार्ड हीच या विद्येची खासियत. कोदोकान या ज्युदोच्या मूळ शाळेत शिकलेला मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे तिथल्या बेलें शहरात राहिला आणि त्याची विद्या ग्रेसी घराण्यापर्यंत गेली. तिथे जमिनीवरच्या लढतीवर भर वाढत गेला. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरमधल्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना आमनेसामने आणणाऱ्या स्पर्धेत, रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या आणि लहान चणीचा माणूस मोठ्याला हरवतो ही जाहिरात जगभर झाली.

जाहिरात खरी आहे, अर्धवट आहे. त्या रात्री समोरच्या बहुतेकांना जमिनीवरचा खेळ फारसा ठाऊक नव्हता. तुमच्या जिममध्ये तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि दोघांनाही सारखंच येत असेल तर वजन आपलं काम चोख करतं. उगाच का आयबीजेजेएफ या सगळ्यात मोठ्या संघटनेने प्रौढ पुरुषांसाठी गीमध्ये 9 वजनगट ठेवलेत, 57.5 किलोपासून 100.5 च्या पुढेपर्यंत? तेव्हा तुमच्याहून वीस किलो जड, तुमच्याइतकाच नवखा माणूस तुम्हाला दाबून ठेवणार हे आधीच मान्य करून जा. त्यात विद्या खोटी ठरत नाही आणि तुम्हीही नालायक ठरत नाही.

त्या दाबाखाली काय करायचं याची मात्र तयारी करता येते. समजा तुम्ही साइड कंट्रोलखाली आहात. समोरच्याची छाती तुमच्या छातीवर आडवी, त्याचा खांदा तुमची हनुवटी पलीकडे ढकलतोय, घामेजलेली कॉलर नाकाशी. पहिली इच्छा होते त्याला दोन्ही हातांनी वर ढकलायची. तेच करू नका. लांब झालेले हात म्हणजे आर्मबारचं आमंत्रण. आधी नाकाने श्वास सोडा, पूर्ण सोडा. आत घ्यायचा आपोआप येतो. मग एका हाताचा मनगट ते कोपर हा भाग त्याच्या मानेशी, दुसऱ्याचा त्याच्या कंबरेशी, कोपरं आपल्या अंगालगत. आता हाडांनी जागा धरली, स्नायूंनी धरायची गरज उरली नाही. त्याच्याकडे कुशीवर वळा, कंबर मागे सरकवा, खालचा गुडघा त्या फटीत घाला. एवढंच. गुडघा आत गेला की तुम्ही परत गार्डच्या वाटेवर आहात. बहुतेक वेळा फट पुरेशी होत नाही आणि तो परत दाबतो. मग पुन्हा श्वास, पुन्हा कोपरं.

म्हणून क्लासला जाताना जिंकायचा बेत सोडून एखादा छोटा प्रश्न घेऊन जा. आज कुणी माउंट घेतला, म्हणजे अंगावर चढून बसला, तर एकदा तरी हाफ गार्डपर्यंत, म्हणजे त्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवण्यापर्यंत, येता येतं का? आज गार्ड पास होण्याआधी, म्हणजे समोरचा आपले पाय ओलांडून जाण्याआधी, कोपर-गुडघा जोडलेला राहतो का? असा प्रश्न असला की पाचदा टॅप करूनही संध्याकाळ फुकट जात नाही, आणि नसला की दोनदा जिंकूनही काय शिकलो ते सांगता येत नाही. घरी आल्यावर दोन-तीन ओळी लिहून ठेवा: कुठे अडकलो, कशाने अडकलो, उद्या कुणाला विचारायचं. व्हिडिओ बघा, पण त्याच प्रश्नाचे बघा. पहिल्याच महिन्यात बेरिंबोलो हा उलटं गरगरत पाठ घेण्याचा अवघड डाव शिकायला निघालेल्यांना साधा श्रिंप नीट येत नसतो.

रोलला नाही म्हणायचीही तयारी ठेवा. दमलात, बोट दुखतंय, समोरचा बेफाम खेळतो असं वाटतंय, तर ‘हा राउंड बसतो’ एवढं पुरे. कारण द्यायची गरज नाही. जुन्या पट्ट्याच्या माणसाला ‘खांदा जपून’ असं आधी सांगितलं की तो जपतो. पट्ट्यांचं वेळापत्रक मात्र मांडू नका. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा क्रम आहे. आयबीजेजेएफच्या नियमांनी प्रौढाला निळ्यावर किमान 2 वर्षं काढावी लागतात, आणि काळ्यापर्यंत साधारण दशक जातं.

स्पर्धेत उतरायचं असेल तर थोडी वेगळी यादी. आयबीजेजेएफच्या स्पर्धेत वजन गीसकट आणि लढतीच्या अगदी आधी होतं, संधी एकच. त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवायच्या भानगडीत न पडता आहात त्या गटात खेळा. आणि घरी वजन करताना गी घालूनच काट्यावर उभे राहा. गी पांढरी, निळी किंवा काळी, फाटकी नको. प्रौढ पांढऱ्या पट्ट्याची लढत 5 मिनिटांची. गुण पाठ करून टाका: पाडण्याला, स्वीपला (खालून समोरच्याला उलथवून वर येण्याला) आणि पोटावर गुडघा ठेवण्याला 2, गार्ड पासला 3, माउंट आणि पाठ घेण्याला 4, आणि ती जागा 3 सेकंद धरली तरच गुण मिळतात, म्हणून घाईने पुढे पळू नका. काय करायचं नाही तेही बघून ठेवा: पांढऱ्या पट्ट्याला उडी मारून गार्ड घ्यायला बंदी आहे, मनगटाचे पेचही नाहीत. रोज गुडघ्यांवरून रोल सुरू करायची सवय असेल तर काही आठवडे उभ्याने सुरू करा, कारण लढत उभ्याने सुरू होते. एक पाडण्याचा किंवा समोरच्याला ओढून गार्डमध्ये घेण्याचा डाव, एक पास, एक सुटका, एवढाच आराखडा बरोबर न्या.

लढतीआधी घाम येईल इतका वॉर्मअप करा, नाहीतर पहिल्याच मिनिटात हात दगड होतात. पिशवीत दुसरी गी, ओळखपत्र, चप्पल, पाणी आणि हलकं खाणं असू द्या. नाव पुकारायला उशीर होतो आणि कधी अचानक लवकरही होतो. लढत कुणाला तरी मोबाइलवर घ्यायला सांगा, कारण आतून आठवतं त्यातलं निम्मं चुकीचं असतं. फोन देताना माणूस निवडून द्या. जो सगळ्यात जोरात ओरडून सूचना देतो त्याच्या हातातला फोन छताचं चित्रण करून येतो.