गिटारवर रंगीत लॅकर मारताना स्प्रे गन त्रास देते तेव्हा

क्लिअर लॅकरमध्ये झालेली चूक घासून काढता येते. रंगीत लॅकर घासलं की चुकीबरोबर रंगही निघतो आणि तिथे फिका डाग उरतो. त्यातून रंग पारदर्शक असेल तर थर जाड तिथे गडद, पातळ तिथे फिका. लपत काहीच नाही. म्हणून गनचा दोष आधी कागदावर शोधायचा, गिटार नंतर हातात घ्यायची.

भिंतीला जुना पेपर चिकटवा. एअर कॅपची, म्हणजे गनच्या तोंडावरच्या टोपीची, दोन शिंगं वर-खाली येतील अशी ती फिरवा, म्हणजे फवाऱ्याचा पट्टा आडवा पडतो. सात-आठ इंचांवरून ट्रिगर पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद धरा आणि रंग ओघळू द्या. सगळे ओघळ साधारण सारखे उतरले तर गन बरोबर आहे. मधले लांब, कडेचे आखूड असतील तर रंग घट्ट आहे किंवा हवा कमी पडतेय. दोन्ही टोकांना लांब आणि मध्ये कोरडं असेल तर हवा जास्त आहे, नाहीतर रंग फार पातळ झालाय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा कागदावर मारा. हवा आणि थिनर दोन्ही एकदम बदललं तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

पट्टा केळ्यासारखा एका बाजूला वाकला असेल तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून बघा. वाक उलटा झाला तर कचरा कॅपच्या छिद्रात आहे. वाक तिथेच राहिला तर दोष नोजलच्या तोंडाशी किंवा नीडलवर, म्हणजे नोजल बंद करणाऱ्या आतल्या सुईवर. कॅप काढून थिनरमध्ये भिजवा आणि छिद्रं टूथपिकने मोकळी करा. तार किंवा टाचणी घालूच नका, कारण छिद्र जरासं जरी मोठं झालं तरी पट्टा पुन्हा सरळ येत नाही.

गन फुरफुर करत थुंकत असेल तर रंगाच्या वाटेत कुठूनतरी हवा शिरतेय. आधी गनच्या रंगाच्या कपाच्या झाकणाचं बारीक छिद्र बघा, बहुतेक वेळा तेच वाळलेल्या लॅकरने बुजलेलं असतं. मग नोजल पान्याने नीट कसलंय का बघा. शेवटी नीडलभोवती हवा अडवणारं पॅकिंग: सुकलं असेल तर सिलिकॉन नसलेल्या तेलाचा एक थेंब पुरतो. सिलिकॉनचा अंश जरी रंगात गेला तर बॉडीवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. ट्रिगर सोडल्यावरही नोजलमधून थेंब गळत असेल तर नीडलच्या टोकाला रंग साचलाय किंवा टोक झिजलंय.

गिटारसाठी १.३ किंवा १.४ मिमीचं नोजल पुरे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरला थिनर साधारण एकास एक, डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. रंग बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळूनच कपात ओता. साध्या गनला ट्रिगर दाबलेला असताना गनपाशी ३० ते ३५ पौंड (पीएसआय) दाबाची हवा हवी. कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा काटा बघून उपयोग नाही, लांब पाइपात हवेचा दाब पडतो. गावात शेतीचे पंप चालू झाले आणि व्होल्टेज खाली आला की कॉम्प्रेसर मागे पडतो आणि ऐन फेऱ्यात फवारा जाड होतो. टाकी पूर्ण भरल्याशिवाय पुढचा हात सुरू करू नका.

खरी परीक्षा मात्र आपल्या हवेची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा लॅकरचा थेंब लाकडापर्यंत पोचेपर्यंत अर्धा वाळतो. हात फिरवला तर पृष्ठभाग रव्यासारखा लागतो. गन निर्दोष असते, तरी लोक तिचेच स्क्रू फिरवत बसतात. सकाळी सहा ते आठमध्ये काम उरका, सावकाश वाळणारं थिनर घ्या किंवा मिश्रणात ५ टक्के रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) टाका. जास्त टाकलं तर थर दिवसेंदिवस मऊ राहतो. शेजारी कूलर लावू नका, त्याची हवा गार असली तरी ओली असते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल बसते आणि गडद लाल किंवा काळ्या बॉडीवर राखेसारखी पांढरट झाक येते. पावसाळ्यात आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर हेच होतं, त्या दिवशी रंग न मारलेलाच बरा. झाक आलीच तर थर वाळू द्या आणि थिनरमध्ये थोडं रिटार्डर घालून अगदी हलका फवारा मारा. बहुतेक वेळा ती उतरते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा आणि हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप पाइपाच्या गनकडच्या टोकाला बसवा. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत तंतू तरंगत असतात, तेव्हा फरशीवर पाणी शिंपडून अर्धा तास थांबा, मग सुरुवात करा.

मारताना आधी कडा, मग पाठ आणि पुढची बाजू. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा आणि ट्रिगर बॉडीच्या बाहेरच दाबा, बाहेरच सोडा. मनगट वळवून कमान केली तर मध्ये गडद आणि टोकांना फिका पट्टा दिसतोच.

एनसी लॅकर पेट्रोलसारखं पेट घेतं. ठिणगी पाडणारा साधा पंखा खोलीत नको आणि सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क हवाच, रुमाल चालत नाही. काम संपताच कपात थिनर घालून ते स्वच्छ येईपर्यंत फवारा, मग नीडल आणि नोजल काढून पुसा. पूर्ण गन थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवू नका, पॅकिंग फुगतं आणि दुसऱ्या दिवशी तीच गन पुन्हा थुंकायला लागते.