लॅटेक्सच्या गादीला कव्हर घेताना

लेकाने गादी ओली केली, म्हणून मी तिचं कापडी आवरण धुवायला काढलं आणि गादी तशीच उन्हात टाकली. कापसाच्या गादीची सवय. ऊन दाखवलं की काम झालं! दोन-तीनदा असं झाल्यावर एक कोपरा पिवळा, कडक पडला आणि नख लावलं की भुगा निघू लागला. लॅटेक्स म्हणजे शेवटी रबर, त्याला ऊन सोसत नाही. बरं, धुवावी म्हटलं तर पाणी प्यायलेली गादी उचलताना स्वतःच्याच वजनाने फाटते. म्हणजे जे काही सोसायचं ते कव्हरनेच.

मग घाबरून मी जाड प्लॅस्टिकचं कव्हर आणलं. कूस बदलली की चुरचुर, आणि पहाटे पाठ घामाने चिकट. कव्हर उचललं तर खालचं आवरण दमट. पाणी अडलं, पण वाफही अडली.

आता मी लेबलवर पीव्हीसी (म्हणजे तसलंच प्लॅस्टिक) दिसलं की ठेवून देते. वर सुती टेरी (टॉवेलसारखं कापड) किंवा विणीचं कापड आणि खाली पॉलियुरेथेनचा (टीपीयूचा) पातळ थर, असं पाहते. तो थर पाणी अडवतो पण वाफ जाऊ देतो, हे खरं की खोटं ते घरी तपासता येतं. वाफाळत्या पाण्याच्या वाटीवर कव्हर ताणून धरा आणि वर कोरडा काचेचा ग्लास उपडा ठेवा. काही मिनिटांत काच आतून धुरकटली तर वाफ आरपार जातेय. मग कापडावर चमचाभर पाणी ओतून खाली टिश्यू धरा. तो कोरडाच राहायला हवा. दोन्हींत पास झालं तरच मी ठेवते, नाहीतर परत.

ताणाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. लॅटेक्स अंगाच्या वळणाप्रमाणे दबतं, त्याचेच तर पैसे मोजलेले असतात. वर ढोलकीसारखं ताठ कापड बसवलं तर ते दबणार कसं? कापड दोन्ही बाजूंनी ओढून बघा, ताणलं जाऊन परत जागेवर यायला हवं. मापात लांबी-रुंदीइतकीच जाडी महत्त्वाची. वर टॉपर (गादीवर घालायचा जादा मऊ थर) असेल तर तोही धरून मोजा आणि कव्हरची खोली त्याहून ३ ते ५ सेंटीमीटर जास्त घ्या. नाहीतर कोपरे रात्रीतून निसटतात.

धुळीची ॲलर्जी असेल तर सहाही बाजू झाकणारं, चेनचं कव्हर लागतं. त्याच्या तळाला मात्र हवा खेळणारं कापड हवं. ते चढवायला दोघं लागतात. लॅटेक्सची गादी जड आणि लुळी, एकट्याने ओढली तर कडेला चीर जाते. कव्हर ६० अंशांच्या पाण्यात चालतं का, हेही लेबलवर बघा, कारण ॲलर्जी करणारे धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) तेवढ्या गरम पाण्यात मरतात.

धुताना ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको. इस्त्री तर नकोच, आतला थर वितळतो. आणि वाळवायचं सावलीत. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय परत चढवू नका. मी दोन कव्हरं ठेवलीत, लेक अजून लहान आहे.