गूगलच्या अपडेटनंतर ऑर्डरी घटल्या, तर वेबसाइटवर आधी काय तपासायचं

सांगलीत हळद, बेदाणा, गूळ विकणाऱ्या बऱ्याच दुकानांची आता स्वतःची वेबसाइट आहे. गूगलवरून येणाऱ्या ऑर्डरी अचानक कमी झाल्या की पहिला फोन वेबसाइट बनवणाऱ्याला जातो. तिकडून उत्तर येतं, ‘अपडेट आलाय, वीस-पंचवीस ब्लॉग टाकू.’ नेमकं हेच करू नका. घट कुठे झाली हे कळायच्या आत पानं वाढवली, तर मूळ दुखणं राहतं आणि वर भरताडाची भर पडते.

पहिलं काम म्हणजे तारखा जुळवणं. गूगल आपले मोठे अपडेट, म्हणजे शोधाचे निकाल लावण्याच्या पद्धतीतले बदल, कधी सुरू झाले, कधी संपले ते सर्च स्टेटस डॅशबोर्ड या पानावर जाहीर करतं. 2025 मध्ये कोअर अपडेट (क्रम लावण्याच्या मूळ पद्धतीतले) 13 ते 27 मार्च, 30 जून ते 17 जुलै आणि 11 ते 29 डिसेंबर या काळात झाले. स्पॅम अपडेट (फसव्या, भरताड पानांविरुद्धचा) 26 ऑगस्ट ते 22 सप्टेंबर असा चालला. तुमची घट यातल्या एखाद्या काळात सुरू झाली असेल तर अपडेटवर संशय घ्या. नसेल तर कारण बहुधा तुमच्या साइटवरच आहे.

अपडेट चालू असताना आकडे रोज वरखाली होतात, तेव्हा साइटला हात लावू नका. अपडेट संपल्यावर पूर्ण एक आठवडा जाऊ द्या. मग सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट साधनात परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, तारखेच्या फिल्टरमध्ये ‘कम्पेअर’ निवडा आणि अपडेट संपल्यानंतरचा आठवडा अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी ताडून बघा. खालच्या तक्त्यात आधी ‘पेजेस’ आणि नंतर ‘क्वेरीज’ (लोकांनी शोधलेले शब्द) घ्या, आणि क्लिकमधल्या फरकाप्रमाणे क्रम लावा. बहुतेक वेळा असं दिसतं की घट सगळ्या साइटची नसून चार-सहा पानांची असते.

दुसरी तुलना मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करा. आपल्याकडच्या मालाला हंगाम असतो. बेदाण्याची विचारणा दिवाळीच्या आधी वाढते आणि नंतर उतरते. नवी हळद बाजारात यायला लागली की भावाची चौकशी वाढते. साताऱ्याकडे कासच्या फुलांवर चालणाऱ्या लॉजच्या साइटला सप्टेंबरमध्ये गर्दी आणि नोव्हेंबरात शुकशुकाट, यात गूगलचा काही दोष नाही. आणखी एक खड्डा लक्षात ठेवा. सप्टेंबर 2025 मध्ये गूगलनं एका पानावर शंभर निकाल दाखवणारी सोय बंद केली. रँक तपासणारी सॉफ्टवेअरं ती वापरत होती. त्यामुळे अनेक साइट्सचे इम्प्रेशन, म्हणजे निकालांत पान किती वेळा दिसलं तो आकडा, एकदम घटले आणि सरासरी क्रमांक सुधारल्यासारखा दिसला. त्या महिन्याच्या आसपासची तुलना करताना फक्त क्लिक बघा.

घट तीन तऱ्हेची असते आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

क्रमांक घसरला आणि क्लिकही घटले, तर मजकुराचा प्रश्न आहे. क्रमांक जवळपास तोच पण क्लिक कमी, तर शोधाच्या पानावरच उत्तर मिळतंय. गूगलचे एआय ओव्हरव्ह्यू भारतात ऑगस्ट 2024 मध्ये आले, तेव्हापासून ‘हळद कशी साठवावी’ अशा साध्या प्रश्नांचं उत्तर वरच लिहून येतं आणि खाली कोणी उतरत नाही. तिसरा प्रकार म्हणजे पान निकालातून पूर्ण गायब होणं. तेव्हा आधी सर्च कन्सोलमध्ये इंडेक्सिंगमधला, म्हणजे गूगलच्या यादीत पानं नोंदली गेली का ते सांगणारा, ‘पेजेस’ रिपोर्ट बघा. ‘नोइंडेक्स’ (यादीत घेऊ नका अशी सूचना) दिसलं आणि साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा आणि सर्च इंजिनांना दूर ठेवणाऱ्या चौकटीत टिकमार्क आहे का ते तपासा. साइट नव्यानं बनवताना तो टिकमार्क करतात आणि काढायला विसरतात. पाच मिनिटांचं काम असतं, पण त्यापायी महिनाभर धंदा बसतो. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं लिहिलेलं असेल, तर गूगलनं पान वाचलं आणि ठेवलं नाही. तिथं पुन्हा पुन्हा इंडेक्सिंगची विनंती करून उपयोग नाही, पानच सुधारावं लागतं.

मजकुराचं दुखणं बहुतेक ठिकाणी मार्च 2024 पासूनचं आहे. त्या कोअर अपडेटमध्ये ‘उपयुक्त मजकूर’ ओळखणारी वेगळी यंत्रणा मुख्य रँकिंगमध्येच मिसळली गेली. त्याच वेळी स्पॅमच्या नियमांत घाऊक मजकुराची भर पडली. क्रमांक मिळवण्यासाठी ढिगानं काढलेली आणि वाचणाऱ्याला फारसं काही न देणारी पानं म्हणजे स्पॅम, मग ती माणसानं लिहिलेली असोत की एआयनं. हळद विकणाऱ्यांच्या साइटवर असा मजकूर दोन रूपांत सापडतो.

एक, गावांची पानं. ‘तासगावमध्ये हळद पावडर’, ‘विट्यात हळद पावडर’, ‘इस्लामपुरात हळद पावडर’, आतला मजकूर तोच, फक्त गाव बदललेलं. ही सगळी काढून ‘आम्ही कुठे माल पाठवतो’ असं एकच पान करा. त्यात तालुकावार किती दिवसांत पार्सल पोचतं, भाडं किती, पाच किलोच्या वर काय सवलत, हे लिहा. जुने पत्ते 301 रीडायरेक्टनं (पत्ता कायमचा बदलल्याच्या सूचनेनं) या पानाकडे वळवा आणि तो रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा. सगळं मुखपृष्ठाकडे मात्र वळवू नका, विषय जुळत नसेल तर गूगल त्याला पान नसल्यासारखंच धरतं.

दोन, ‘हळदीचे 51 फायदे’. आरोग्याच्या विषयात गूगल भरवशाची कसोटी जास्त कडक लावतं, आणि तिथं तुमची गाठ डॉक्टरांनी तपासलेल्या मोठ्या साइट्सशी पडते. शिवाय खाद्यपदार्थानं रोग बरा होतो असा दावा करणं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही बसत नाही. असं पान काढून टाकलंत तरी तुमचं गिऱ्हाईक जाणार नाही, कारण त्या पानावर येणारा माणूस हळद घ्यायला आलेलाच नसतो.

त्याजागी काय लिहायचं? जे तुमच्या दुकानात बसलेल्या माणसालाच माहीत असतं ते. राजापुरी आणि सेलम यांत रंगाचा, वासाचा, भावाचा फरक काय, आणि लोणच्याला कोणती, रोजच्या भाजीला कोणती. पावडर कोणत्या महिन्यात दळलेली आहे. करक्युमिनची (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याची) तपासणी केली असेल तर त्या लॉटचा अहवाल. बेदाण्याच्या पानावर हिरवा, पिवळा, काळा यांची प्रतवारी आणि मणी हातावर ठेवून काढलेला फोटो. किलोभर बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात, ती रॅकवर सावलीत वाळवतात, आणि म्हणून भाव असा का, हे चार ओळींत सांगा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मात्र तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तरच त्या मानांकनाचं चिन्ह लावा. एफएसएसएआय परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक, दुकानाचा पूर्ण पत्ता, माल परत घेण्याची अट, हे सगळं तळाशी दिसलं पाहिजे.

एआयच्या उत्तरांत आपलं नाव यावं म्हणून खास फाइल किंवा खास कोड विकणारे आता फिरू लागले आहेत. गूगलच्या एआय ओव्हरव्ह्यूसाठी असं काहीही लागत नाही. पान इंडेक्स झालेलं असावं आणि त्याचा उतारा दाखवायला तुम्ही मनाई केलेली नसावी, एवढंच. त्या पैशांत मालाचे चांगले फोटो काढून घ्या.

आता मराठी मजकुराकडे. इथल्या चुका इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं तशाच राहतात. जुन्या साइट्सवरचा मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि गूगल तेच वाचतं. तपासणी सोपी आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. अगम्य अक्षरं उमटली तर तो मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) नाही, आणि शोधात तुमचं पान मराठी म्हणून धरलंच जात नाही. कन्व्हर्टरनं बदलून घ्या, पण नंतर प्रत्येक ओळ वाचा. ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला लागतो, रफार सरकतो, ‘सुऱ्या’मधला अर्धा र तुटतो. हीच गत जाहिरातीच्या चित्रांची. डीटीपीवाल्याकडून आलेलं भावपत्रक चित्र म्हणून चिकटवलं, तर त्यातल्या अक्षरांवर विसंबता येत नाही. भाव आणि वजनं पानावर टाइप करूनच लिहा.

लोक शोधताना ‘हळद पावडर’, ‘हळद पूड’ आणि रोमन लिपीतलं ‘हळद’ असं तिन्ही वापरतात. तुमच्याकडे कोणतं जास्त चालतं ते क्वेरीजच्या यादीत दिसेल. सगळं एकाच शीर्षकात कोंबू नका. जास्त चालणारा शब्द शीर्षकात घ्या आणि बाकीचे मजकुरात ओघानं येऊ द्या. पानाचा पत्ता रोमन लिपीत छोटा ठेवलेला बरा, कारण देवनागरी पत्ता पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक तिला बिचकतात. पण आधीचे पत्ते नीट चालत असतील तर तेवढ्यासाठी बदलू नका.

भाषांतराचं बटण म्हणजे दोन भाषांतली साइट नव्हे. बटणानं बदललेला मजकूर त्याच पत्त्यावर तात्पुरता दिसतो, तो वेगळा इंडेक्स होत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं असेल तर दोन पत्ते, दोन पानं आणि त्यांना जोडणारे एचरेफलँग टॅग, म्हणजे कोणतं पान कोणत्या भाषेतलं ते गूगलला सांगणाऱ्या खुणा. दोन्ही मजकूर माणसानं वाचून सुधारलेले हवेत.

वेगाबद्दल फार घाबरवलं जातं. नुसत्या वेगानं कच्चं पान वर चढत नाही, पण खेड्यातल्या नेटवर्कवर साइट उघडली नाही तर गिऱ्हाईक परत फिरतं, म्हणून ते काम करायचंच. आकडे असे: मुख्य चित्र दिसायला 2.5 सेकंदांच्या आत, म्हणजे एलसीपी. बोट लावल्यावर प्रतिसाद 200 मिलिसेकंदांत, म्हणजे आयएनपी, जो 12 मार्च 2024 पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आला. आणि मजकूर उड्या मारण्याचं माप सीएलएस 0.1 च्या आत. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेगतपासणीच्या साधनात वर खऱ्या वापरकर्त्यांचे मागच्या 28 दिवसांचे आकडे येतात आणि खाली चाचणीतले. छोट्या साइटला वरचे आकडे बहुधा मिळतच नाहीत, मग एखाद्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, स्वतः उघडून बघा.

दुकानांच्या साइटवर नव्वद टक्के काम फोटोंचं असतं म्हटलं तरी चालेल. मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. तो 1200 पिक्सेल रुंदीचा करा, वेबपी स्वरूपात ठेवा, 150 केबीच्या आत आणा. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा, म्हणजे खालचा मजकूर उडणार नाही. पहिल्या चित्राला लेझी लोडिंग (खाली सरकल्यावरच चित्र उतरवणं) लावू नका, बाकीच्यांना लावा. मुखपृष्ठावरचा फिरता स्लायडर काढा आणि एकच चांगलं चित्र ठेवा. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा बरीच मोठी असते, तेव्हा साधा आणि ठळक असे दोनच प्रकार घ्या. फाइल लहान करायला अक्षरं गाळली तर जोडाक्षरं तुटतात, तो उद्योग नको.

दुकानावर गिऱ्हाईक यायला हवं असेल तर वेबसाइटइतकंच गूगल बिझनेस प्रोफाइल महत्त्वाचं. नकाशात गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही. मेळासाठी मुख्य कॅटेगरी अचूक निवडा. नावात पाटीवर आहे तेवढंच लिहा; ‘सांगली बेस्ट हळद होलसेल’ असं जोडलं की प्रोफाइल निलंबित होण्याची भीती असते. पत्ता आणि फोन वेबसाइटवर आहे तोच हवा. सुट्टीचे दिवस आणि सणाच्या वेळा बदलत राहा. अभिप्राय विकत घेऊ नका, आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या, तक्रारीला आधी. गूगलनं याच प्रोफाइलवर फुकट देऊ केलेल्या छोट्या वेबसाइट्स मार्च 2024 मध्ये बंद झाल्या. तुमच्या बिलावर, पिशवीवर किंवा गाडीवर अजून तोच पत्ता छापलेला असेल तर तो लगेच बदला.

कधी कधी घट अपडेटमुळे नसून साइटमध्ये कोणी घुसल्यामुळे असते. गूगलमध्ये ‘साइट’ हा शब्द, विसर्गासारखं चिन्ह आणि लगेच तुमचा डोमेन असं रोमन लिपीत टाका. जपानी मजकुराची किंवा जुगाराची पानं निघाली, तर साइट हॅक झालेली आहे. फुकट मिळालेली चोरीची थीम किंवा प्लगिन हे याचं नेहमीचं दार. ती काढा, सगळे पासवर्ड बदला, सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी मालक जोडला गेलाय का ते बघा, आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’मध्ये नोंद असेल तर साफसफाईनंतर फेरतपासणी मागा. त्याच बैठकीत डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर आहे तेही तपासा. तो वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर नूतनीकरणाची तारीख यायच्या आत आपल्या नावावर करून घ्या.

दुरुस्ती करताना केलेला प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहा: कोणतं पान, काय काढलं, काय घातलं. तांत्रिक चुकीचा परिणाम काही दिवसांत दिसतो. मजकूर सुधारल्याचा परिणाम दिसायला कित्येक महिने लागू शकतात, आणि काही वेळा पुढचा कोअर अपडेट होईपर्यंत थांबावं लागतं. तोवर दर महिन्याला दोन-तीन पानंच हाती घ्या. सुरुवात ज्या पानावरून पूर्वी सर्वांत जास्त ऑर्डरी येत होत्या तिथून करा.