डायव्हिंगची टाकी भरायचा कॉम्प्रेसर घेताय? आधी फिल्टर बघा

मी बुडी मारून विहिरीत अडकलेले पंप सोडवतो, जॅकवेलच्या जाळ्या साफ करतो आणि हिवाळ्यात चार दिवस तारकर्लीला जातो. पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या टाक्या घरीच भरतो, कारण दरवेळी नाशिकहून मुंबईला टाक्या पाठवत बसलो तर काम कधी करणार? त्यामुळे पोर्टेबल कॉम्प्रेसर कोणता घ्यावा हे लोक मला विचारतात आणि मग भलत्याच दुकानदाराचं ऐकून भलतंच घेऊन येतात. तुम्हाला डायव्हिंग येतं आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने करायची तपासणी) मुदतीत आहे, हे धरून पुढचं लिहितोय.

दाबाचं सोपं आहे. टाकीच्या गळ्याजवळ आकडा ठोकलेला असतो: २००, २३२ किंवा ३०० बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब). तुमच्याकडे जी सगळ्यात जास्त दाबाची टाकी असेल, तिच्याप्रमाणे मशीन घ्या. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा, त्याला मोठी मोटर लावून काहीही होत नाही. एअरगनसाठी मिळणारे छोटे ३०० बारचे पंप तर घेऊच नका. दाब येतो, पण ते छटाकभर बाटलीसाठी बनवलेत. मोठी टाकी भरता भरता पंप तापून बसतो, आणि ती हवा श्वासात घ्यायची म्हणून कोणी बनवलेलीच नसते.

आता किती लिटर. ॲल्युमिनियमची नेहमीची टाकी ११ लिटरची. ५० बारवरून २०० वर न्यायची म्हणजे साधारण १,६५० लिटर हवा. १०० लिटर प्रति मिनिटाच्या मशीनला कागदावर साडेसोळा मिनिटं लागतात. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, हवा सहा-सात टक्के विरळ, म्हणून इथे अठरा धरा. दिवसाला चार टाक्यांपर्यंत १०० लिटरचं मशीन पुरतं. चाळीस-पंचेचाळीस किलोचं ते धूड दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाकता येतं. त्याहून मोठं घेतलंत की 'पोर्टेबल' हा शब्द विसरा.

इथपर्यंत सगळेच सांगतात. माझं डोकं जिथे फुटलं ते पुढे आहे.

सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये दिंडोरीकडे एका विहिरीचं काम होतं. पेट्रोल मशीन पंपघराच्या भिंतीला टेकवून टाक्या भरल्या. १५ मीटरवर वीस मिनिटांतच डोकं ठणकायला लागलं, वर आलो तर मळमळ. उन्हावर आणि उपाशी पोटावर ढकललं. दुसऱ्या दिवशी त्याच खेपेला भरलेली दुसरी टाकी लावली, पुन्हा तेच. हवेला वास नाही, चव नाही. शेवटी फिल्टर उघडला. वहीतल्या तासांप्रमाणे आतल्या कार्ट्रिजचं (बदलायच्या नळकांड्याचं) अर्धं आयुष्य शिल्लक होतं, हातात घेतलं तर ते ओलं.

झालं काय होतं ते समजून घ्या, कारण मशीनची निवड यावरच ठरते. कार्ट्रिजमध्ये मुख्यतः तीन थर: पाणी शोषणारं मॉलिक्युलर सीव्ह, तेलाची वाफ आणि वास धरणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करणारं हॉपकलाइट. हॉपकलाइट कोरडं असेल तरच काम करतं. सीव्ह भरलं की पाणी पुढे सरकतं, हॉपकलाइट मरतं आणि मोनॉक्साइड सरळ टाकीत जातो. कुठेही दिवा लागत नाही. त्या दिवशी वारा फिरला, सायलेन्सरचा धूर इनटेककडे (हवा आत ओढणाऱ्या तोंडाकडे) आला आणि अडवायला पलीकडे कोणीच नव्हतं.

आणि वहीतले तास खोटे का निघाले? कंपनी आयुष्य लिहिते ते बहुतेक वेळा २० अंशांचं. २० अंशांच्या हवेत घनमीटरला १७ ग्रॅम पाणी मावतं, ४० अंशांच्या हवेत ५१. फिल्टरपाशी येणारी हवा बाहेरच्यापेक्षाही गरम असते. म्हणजे आपल्या एप्रिल-मेमध्ये कार्ट्रिज छापील तासांच्या एक तृतीयांशही चालत नाही. विकणाऱ्याला एवढंच विचारा: "४० अंशांना किती टाक्या?" तक्ता काढून दाखवला तर पुढे बोला. "साहेब, वर्षभर बघायला नको" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. दोन मशीनमध्ये अडकलात तर मोठ्या फिल्टरचं घ्या, मग ते दहा लिटरनी हळू असलं तरी चालेल. प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह आहे ना तेही बघा. तो फिल्टरमधला दाब वर धरून ठेवतो, त्यामुळे बरंचसं पाणी फिल्टरआधीच वेगळं होतं.

मी आता नवं कार्ट्रिज किराणा दुकानातल्या काट्यावर तोलतो आणि आकडा त्यावरच लिहितो. वाढलेलं वजन म्हणजे पाणी. काही कार्ट्रिजवर बदलायचं वजन छापलेलंच असतं, तशी मिळाली तर तीच घ्या.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. पाण्याबाहेर १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) असेल तर १५ मीटरवर, अडीचपट दाबात, तो २५ सारखा वागतो. श्वसनाच्या हवेच्या युरोपियन मानकात, ईएन १२०२१ मध्ये, मर्यादा ५ पीपीएमची आहे. म्हणून मीटर घ्याच, पण घरात लावायचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म नको. तो ५० पीपीएमला तास-दीड तासाने ओरडतो, तोवर तुमची टाकी भरून झालेली असते. एक-दोन पीपीएम दाखवणारा मीटर हवा. दुसरीकडे कुठे पैसे वाचवले असतील तर ते इथे घाला.

पेट्रोल की इलेक्ट्रिक? घरी भरायचं असेल तर सिंगल फेज इलेक्ट्रिक मोटर, तीन एचपीची. सुरू होताना ती करंट जोरात ओढते, त्यामुळे शेतातल्या पडलेल्या व्होल्टेजवर नुसती गुरगुरते. थ्री फेज स्वस्त पडते, पण शेतीची लाइन पाळीने येते. विहिरीवर, धरणावर न्यायचं तर पेट्रोलला पर्याय नाही. मग इनटेकचा पाइप वाऱ्याच्या बाजूला, एक्झॉस्टपासून लांब आणि उंच बांधा, आणि वारा फिरला की मशीन बंद करून तो हलवा. इलेक्ट्रिकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. पंप जास्त तापला की आतलं तेल जळूनही मोनॉक्साइड तयार होतो. तेल कंपनी सांगेल तेच, गाडीचं इंजिन ऑइल चुकूनही नाही.

घेण्याच्या दिवशी स्वतःची टाकी घेऊन जा, दुपारी बाराला. पूर्ण भरायला लावा, घड्याळ लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी ड्रेन उघडून पाणी काढायचं असतं. विकणारा न सांगता काढतो का बघा. मग भरलेल्या टाकीच्या हवेला मीटर लावा. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह आणि कार्ट्रिज पुण्या-मुंबईत हातोहात मिळतात का, हे फोन करून आधीच पक्कं करा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या लेथवर बाकी काहीही बनवून मिळेल, फायनल स्टेजची (सगळ्यात जास्त दाबाच्या शेवटच्या टप्प्याची) रिंग नाही. टाक्या भरायला आणि साठवायला परवाना कधी लागतो ते गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये आहे. त्यासाठी पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेचं केंद्र सरकारचं खातं) चौकशी मशीनचे पैसे देण्याआधी करा.